लांडग्याची उडी

शुब्रा, कैरो
१२ जानेवारी २०२२

फिकऱ्या,

फोनवर तुझ्याशी बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं, आणि मोबाइलवर लिहिलेलं तू वाचत नाहीस. सिनेमावाल्यांनी पंचवीस वर्षं तुझ्या कानाशी बॉम्ब फोडले आणि शिक्षा मला, या वयात पोस्टापर्यंत पाय ओढत जायची. असो. तू माझा मावसभाऊ आहेस, भोगते.

बातमी अशी, की ‘बंदराचा लांडगा’ पुन्हा काढतायत. आपलाच, एक्क्याऐंशी सालचा. अदहम सिराग हिरो, त्याच्या जागी मार खाणारा तू, आणि सगळं कापून जोडणारी मी. अदहम गेला, आपले दिग्दर्शक शुक्री साहेब गेले, निर्माताही गेला. त्या निर्मात्याच्या नातवानं आता हा उद्योग आरंभलाय. दिग्दर्शन करणार आहे नुरहान नावाची मुलगी. तिशी ओलांडलेली, केस बारीक कापलेले. काल बसबूसा मिठाईचा पुडा घेऊन माझ्याकडे आली आणि बुटाची नाडी सोडायच्या आधीच म्हणाली, “मदाम इनायात, मला त्या क्रेनबद्दल सांगा.”

मी म्हटलं, आधी बस तर खरी.

क्रेन म्हणजे कुठली, ते तुला सांगायला नको. तस्करांची बोट धक्क्यावरून सुटते, लांडगा क्रेनवर चढतो, तिच्या लांब हातावरून चालत टोकाला जातो, थांबतो. खाली बघतो. तळहात पँटला पुसतो. आणि मग उडी. ते थांबणं शुक्री साहेबांना नको होतं. “हिरो विचार करत नसतो, मदाम, काढून टाका,” असं त्यांनी मला दोनदा बजावलं. मी ते ठेवलं. त्यावरून आमचं महिनाभर वाजलं होतं.

भाच्यानं गेल्या वर्षात मला असले तीन सिनेमे दाखवले, जुन्यांना नवे कपडे चढवलेले. हिरो विमानातून पडतो आणि केस सारखे करतो. मला जांभया आल्या. पण खरं सांगू का, या पोरीनं मला विचारात पाडलं. ती म्हणाली, “जुने बघताना माझ्या पोटात गोळा येतो, नवे बघताना येत नाही. तो कुठे हरवला ते मला शोधायचंय.”

म्हणून तुला विचारते, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. तिथं टोकाला उभा असताना तुझ्या डोक्यात काय चाललं होतं? तेव्हा हना नुकतीच जन्मली होती. मी सिनेमाच्या संस्थेत बारा वर्षं पोरांना शिकवलं, की बघा, या माणसाला इथं आपली लेक आठवतेय. बरोबर ना?

इनायात


अन्फुशी, अलेक्झांड्रिया
२९ जानेवारी

अब्ला,

तू माझ्यापेक्षा दीड वर्षानं मोठी, म्हणून अब्ला म्हणतो. नाहीतर पोस्टाच्या चालण्यावरून ऐकवल्याबद्दल तुला नावानंच हाक मारली असती.

तुझं पत्र कॉफीहाऊसमध्ये वाचलं. ती चूकच झाली. मालक रिफाईनं खांद्यावरून डोकावून वाचलं आणि दुपारपर्यंत सगळ्या गल्लीला कळलं. रिफाईनं गल्ल्यामागे माझा क्रेनवरचा फोटो लावलाय, तुला माहीत आहे. आता त्याला खालून दिवा लावलाय. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो, “हा बघा, वायर नाही, जाळी नाही, कम्प्युटर नाही. असली माणसं आता जन्माला येत नाहीत.” मी तिथं बसलेला असतो. ओठ वाचता येतात, त्यामुळे ऐकू येत नाही अशी सबबही सांगता येत नाही.

नवे सिनेमे मीही बघतो. बहिणीची नात, रोदैना, नेते मला. परवाच्या सिनेमात हिरो पाचव्या मजल्यावरून पडला, उठला आणि पळाला. मी गुडघा धरून बसलो होतो. रोदैनानं फोनवर लिहून विचारलं, “दुखतंय का आजोबा?” मी म्हटलं, त्याला दुखत नाही म्हणून मला दुखतंय.

माझ्या डोक्यात काय होतं म्हणून विचारतेस. घाबरलो होतो. दुसरं काय असणार. माणूस आहे.

नुरहान बाईंचं बोलावणं आलंय. मार्चमध्ये धक्क्यावर शूटिंग आहे, मी ‘सल्लागार’ म्हणून खुर्चीत बसायचं. बसतो ना, म्हटलं. मला कोणी खुर्ची दिली, तर मी नाही म्हणत नाही. तुला ती पोरगी कशी वाटते? अक्कल आहे का तिला?

फिकरी


शुब्रा
१७ फेब्रुवारी

फिकऱ्या,

अक्कल आहे. मला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त आहे.

तिनं जुनी प्रिंट पैदा केली. माझं एडिटिंगचं टेबल अजून चालतं, त्यावर रीळ चढवलं आणि आम्ही दोघी डोकं जवळ आणून बघत बसलो. क्रेनपाशी आली की म्हणायची, पुन्हा. मी फिरवायची. पुन्हा. शेवटी माझं मनगट दुखायला लागलं, तेव्हा तिनं स्वतः हँडल हातात घेतलं. पडदा विझल्यावर म्हणाली, “मदाम, गोळा येतो तो उडीत नाही. त्याच्या आधी येतो. हा माणूस नाहीही मारणार, असं वाटतं ना, तिथं.”

मी तिला हनाची गोष्ट सांगितली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. हे थांबणं नव्या सिनेमात जसंच्या तसं घेणार आहे. आणि उडी खरी. कम्प्युटर नाही. हैसम नावाचा स्टंटचा मुलगा आहे, चांगला तयार आहे म्हणे, तो मारेल. कमरेला बारीक वायर असेल, ती नंतर पुसतील.

मी तुला सांगते, हा सिनेमा होईल. मला वाटलं होतं हे लोक जुन्याचं मढं रंगवून उभं करतील, पण नाही. तुझ्या त्या तीन क्षणांत जी हिंमत दिसते, ती तिला नेमकी कळलीये.

‘घाबरलो होतो, माणूस आहे’ एवढ्यावर मी गप्प बसेन असं वाटलं का तुला? तू नऊ वर्षांचा असताना आमच्या गच्चीवरून शेजारच्या गच्चीत उडी मारायचास, तेव्हा कधी हात पुसले नव्हतेस. तेव्हा नीट लिही. पोरीला सांगायचंय.

इनायात


अन्फुशी
६ मार्च

अब्ला,

घाईत लिहितोय. उद्यापासून शूटिंग. आज हैसमला भेटलो. सव्वीस-सत्तावीसचा असेल, मनगटं माझ्या पिंढरीएवढी, बोलायला मऊ. माझ्याशी बोलताना तोंड मोठं उघडत नाही, नीट समोर बघून बोलतो. कोणी तरी बहिरं असणार त्याच्या घरात.

मला एकच सांग, लवकर सांग. त्या थांबण्याच्या पुढे, उडीच्या आधी, तू काही कापलं होतंस का?

फिकरी


शुब्रा
१२ मार्च

हे पत्र ट्रेननं येणाऱ्या माणसाच्या हाती पाठवतेय, कारण तुझी चिठ्ठी वाचून मला कसंसंच झालं.

हो, कापलं होतं. अगदी थोडं. हात पुसून झाल्यावर तुझा खांदा शिडीकडे वळला होता, डावा. दोन कॅमेऱ्यांतल्या एकातच होतं ते. मला वाटलं, तोल सावरतोयस, शॉट बिघडलाय. तेवढं काढलं आणि दुसऱ्या कॅमेऱ्यातली उडी जोडली. जोड कुठे दिसत नाही, मी खूश होते त्या जोडावर.

का विचारतोयस?

इनायात


अन्फुशी
२ एप्रिल

अब्ला इनायात,

उशीर झाला. गुडघा सुजला होता, आणि लिहायला काय घ्यावं तेही कळत नव्हतं. आता सगळं सांगतो. रमजानचा पहिला उपास सोडून, पोटभर खाऊन बसलोय.

मी तोल सावरत नव्हतो. मी परत निघालो होतो.

ज्या बोटीवर पडायचं, ती ठरल्या जागी आली नव्हती. वारा होता. मी खाली बघितलं आणि मला स्वच्छ कळलं, की हे जमणार नाही. हनाचा चेहरा वगैरे काही आला नाही डोळ्यांसमोर, उगाच कशाला खोटं सांगू. मी मनाशी म्हटलं, फिकरी, शिडी कुठे आहे? हात पुसले ते शिडीचे गज नीट धरता यावेत म्हणून. वळलो. पायाखाली ग्रीस होतं. पुढचं तुझ्या पडद्यावर आहे. मी घसरलो, अब्ला. बोटीवर दोरखंडांचा ढीग होता, त्यावर पडलो म्हणून आज हे लिहितोय. शुद्धीवर आलो तेव्हा सगळे टाळ्या वाजवत होते आणि अदहम माझा मुका घेत होता. गुडघ्याची वाटी फुटलेल्या माणसाला, ‘काय मर्द आहे’ असं चाळीस जण एकदम म्हणायला लागले, तर तो काय म्हणणार? मी काही म्हणालो नाही. पुढे कोणी विचारलंच नाही.

आता धक्क्यावर काय झालं ते.

माझी खुर्ची क्रेनच्या समोर मांडली होती. मागे भला मोठा फलक, ‘ज्यानं उडी मारली तो माणूस’. मी हैसमला उडी मारताना बघतोय, असं माझंच चित्रण करायला एक वेगळा कॅमेरा. निर्मात्याचा नातू सगळ्यांना ऐकवत होता (मी ओठ वाचले), “उस्ता फिकरीनं वायरशिवाय मारली होती. आमच्या पोरांना वायर लागते, विमा लागतो, सकाळी नाश्त्याला ऑम्लेट लागतं.” लोक हसले. हैसमही हसला. पण चढायच्या आधी माझ्यापाशी वाकला आणि म्हणाला, “उस्ता, खरं सांगतो, वायर लावूनही भीती वाटते. तुमच्यासमोर लाज वाटते.”

मी त्याच्या पाठीवर थाप मारली.

तो टोकाला गेला. थांबला. खाली बघितलं. हात पुसले. नुरहानबाईंनी शिकवलं होतं तसंच सगळं. आणि मग पुढे काहीच होईना. जायचा नाही, यायचा नाही. वारा सुटला होता, क्रेनचा हात हलत होता. नातू कर्ण्यातून काहीतरी ओरडला. ते काय होतं ते मला कळलं नाही, पण हैसमचा हात कमरेकडे गेला तो दिसला. वायरची कडी सोडत होता, अब्ला. माझ्याकडे बघून सोडत होता.

मी उठलो. त्या शिडीवर मी चाळीस वर्षांनी पाय ठेवला. पहिल्या फलाटापर्यंत पोचलो, पुढे गुडघा चढेना. तिथून त्याला दिसत होतो. मी हळूच, त्याच्यापुरतं, सांगितलं, “पोरा, मी उडी मारलीच नाही. मी घाबरून परत निघालो होतो. पाय घसरला. कडी लाव आणि ये खाली.”

हळूच म्हणजे मला वाटलं हळूच. तुला ठाऊक आहे माझा आवाज. वळून बघितलं तर धक्क्यावरची सगळी माणसं माझ्याकडे बघत होती. चहावाला, मेकअपवाल्या मुली, पलीकडच्या जहाजावरचे खलाशी. नुरहानबाईंनी डोक्याला हात लावला होता. नातवाचं तोंड उघडंच होतं, ते वाचण्यासारखं काही नव्हतं.

हैसमनं कडी लावली. आधी ओढून बघितली, मग माझ्याकडे बघून मान हलवली आणि खाली आला. दोघं शिडीच्या पायाशी बसलो. त्यानं खिशातून अर्धं सँडविच काढलं, ते आम्ही वाटून खाल्लं.

शूटिंग बंद झालं. संध्याकाळी फलकही काढून नेला.

तुझ्या पोरांना बारा वर्षं जे शिकवलंस, त्याचं आता काय करायचं ते मला माहीत नाही.

फिकरी


शुब्रा
२० मे

फिकऱ्या,

दोन दिवस मी तुझ्यावर रागावले होते. मुलोखियाची भाजी करपवली. तिसऱ्या दिवशी टेबलापाशी बसले आणि रीळ फिरवलं. आता मला तो खांदा दिसतो. मी काढून टाकलाय, तरी दिसतो. तेव्हा मी कात्री चालवली ती सगळ्यात खऱ्या जागी.

पण मला एक कोडं पडलंय. लोकांनी चाळीस वर्षं डोळ्यांत प्राण आणून बघितलं, ते काय होतं? परत फिरायचं ठरवलेला माणूस. कोणाला ठाऊक नव्हतं, मलाही नाही, तरी पोटात गोळा सगळ्यांच्या यायचा. हे कसं होतं? तुझ्या जागी खरोखर उडी मारणारा कोणी असता, तर आला असता का? मी या वयात पुन्हा विद्यार्थिनी झालेय, आणि उत्तर सांगायला मास्तर कोणी उरला नाही.

नुरहान आली होती. नातवानं तिला झाडलं, जाहिराती बदलाव्या लागल्या, सिनेमा लागताना तुझा सत्कार करणार होते, तोही रद्द. तुला वाईट वाटलं का? तिला वाटलं. पण बाई चिवट आहे. हैसमला पुन्हा क्रेनवर चढवणार आहे, वायर लावून, वारा नसताना, आणि वर गेल्यावर काय करायचं ते त्यानंच ठरवायचं, असं म्हणाली. नातू कबूल झाला कारण भाड्याची क्रेन परत करायची तारीख जवळ आलीये.

मला म्हणाली, एडिटिंगला माझ्याशेजारी बसा. मी म्हटलं, मला कम्प्युटर येत नाही. तर म्हणाली, “कम्प्युटर मी चालवते, तुम्ही नुसतं ‘इथं’ म्हणा.”

मी जाणार आहे. पुढचं काही विचारू नकोस, थेटरात बघ. कॉफीहाऊसमध्ये काय म्हणतात तुला आता?

इनायात


अन्फुशी
२४ एप्रिल २०२३

अब्ला,

वर्षभर तू एका ओळीची चिठ्ठी पाठवत राहिलीस, ‘काम चालू आहे, विचारू नकोस.’ मी विचारलं नाही. आता ईदला सिनेमा लागला, मी बघितला, आणि आता मी बोलणार.

आधी कॉफीहाऊसचं. वर्षभर मला ‘घसरलेला लांडगा’ म्हणतात. मी आत आलो की कोणीतरी ओरडतं, “फरशी ओली आहे रे, सांभाळा.” रिफाईनं महिनाभर फोटो उतरवून ठेवला होता. मग म्हणाला, भिंतीवर डाग दिसतो, आणि पुन्हा टांगला. दिवा मात्र नाही. मला ते बरं वाटतं. आधी लोक फोटो काढायला यायचे, आता खुर्ची ओढून बसतात आणि आपण कशाकशाला घाबरलो ते सांगतात. एका मच्छीमारानं सांगितलं, तो बारा वर्षं समुद्रात गेला आणि त्याला पोहता येत नाही. बायकोलाही माहीत नाही म्हणे.

सत्काराचं विचारलं होतंस. वाईट वाटलं. नवीन कोट शिवायला टाकला होता.

सिनेमा चांगला झालाय का, ते मला ठरवता येत नाही. मध्यंतरानंतरचा गाड्यांचा पाठलाग लांबलाय, तिथं तू ‘इथं’ म्हणायला हवं होतंस. हिरोचे दात फार पांढरे आहेत. पेपरात एकानं लिहिलंय, की जुन्या लांडग्याचे दात पाडले. लिहू दे. अदहम दारात नुसता उभा राहिला तरी बघत राहावं, तसं याचं नाही, तेही खरं.

पण क्रेन.

मी रोदैनाबरोबर शुक्रवारच्या खेळाला गेलो, ईदचा दिवस, थेटर गच्च. पुढच्या रांगांत धक्क्यावरची पोरं, मागे बायकामुलं. मी अर्धा पडद्याकडे, अर्धा लोकांकडे तोंड करून बसलो, कारण ऐकायला माझ्याकडे लोकांचे चेहरेच आहेत. क्रेन आली. हैसम टोकाला गेला. थांबला. हात पुसले. आणि त्याचा खांदा वळला. तू तो ठेवलास. किती वेळ ठेवलास, अब्ला, मला वाटलं संपतच नाही. तो शिडीकडे आला, दोन गज उतरला, खाली बोट सुटतेय, तो अजून उतरतोय.

पुढच्या रांगांतली पोरं उभी राहिली. हात वर करून काहीतरी ओरडायला लागली, सगळी, मागची बायकामाणसंही. मला वाटलं, झालं, आता पडद्यावर चपला पडणार. एक्क्याऐंशी साली याच शहरात, याच जागी, मी लोकांना ओरडताना ऐकलं होतं. तेव्हा कान शाबूत होते माझे. तेव्हा अख्खं थेटर ‘मार उडी, मार’ म्हणत होतं आणि मी अंधारात गुडघ्याला प्लास्टर घालून बसलो होतो.

मी रोदैनाचा हात हलवला. काय म्हणतायत? शिव्या देतायत का? तिनं फोनवर लिहिलं आणि माझ्यासमोर धरलं.

‘उतर म्हणतायत.’

मला कळेना. तिनं पुन्हा लिहिलं. ‘“सावकाश उतर.” “डावा पाय खाली टाक, गज आहे.” मागची बाई म्हणतेय, “घाई करू नको रे माझ्या राजा.”’

मी पडद्याकडे वळलो. हैसम अर्ध्या शिडीपर्यंत आला होता. तिथं तो पुन्हा थांबला, खाली पाण्याकडे बघितलं, आणि तिथूनच, जेवढी त्याला झेपली तेवढ्या उंचीवरून, त्यानं उडी मारली. पाण्यात पडला, वर आला, पोहायला लागला. फार मोठी उडी नव्हती ती. तरुणपणी मी तसल्या सकाळी चहाच्या आधी मारायचो.

त्यानंतर काय झालं ते नीट सांगता येत नाही. रोदैना म्हणते, मी ओरडत होतो. कधीपासून, विचारलं, तर म्हणाली, शिडीपासून. काय ओरडत होतो ते मला ठाऊक नाही. तिनं माझा दंड धरून मला खाली बसवलं, तेव्हा कळलं की मी उभा होतो.

फिकरी